प्रकाशाने उघडणारे लायपोसोम: जून ते ऑक्टोबरच्या प्रयोगनोंदी

हवं होतं ते असं: १०० नॅनोमीटरचा लायपोसोम (लिपिडच्या पटलाची पोकळ गोळी), अंधारात घट्ट बंद, लाल प्रकाश पडला की काही मिनिटांत रिकामा. आधी कॅल्सीन (चमकणारा रंग) भरून बघायचं, मग डॉक्सोरुबिसिन (कर्करोगाचं औषध). अतिनील प्रकाशावर आकार बदलणारे अ‍ॅझो-लिपिड बाजारात मिळतात आणि क्युव्हेटमध्ये चांगले चालतातही, पण ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश त्वचेतच संपतो. ट्यूमरचा विचार असेल तर ६५० च्या पुढेच राहायला हवं. म्हणून प्रकाश शोषायला वर्टेपॉर्फिन (६९० नॅनोमीटर) आणि पटलाला भोक पडावं म्हणून थोडं असंतृप्त लिपिड, अशी जोडी ठरवली. वर्टेपॉर्फिनवर प्रकाश पडला की सिंगलेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचं फार क्रियाशील रूप) तयार होतो, तो असंतृप्त लिपिडमधल्या ओलेइक साखळीच्या दुहेरी बंधाला लागतो, साखळी तुटते आणि पटल गळतं.

५ जून

१ मिली बॅचसाठी एकूण २० मायक्रोमोल लिपिड. प्रमाण मोल टक्क्यांत: डीएसपीसी (संतृप्त लिपिड) ५०, कोलेस्टेरॉल ३५, डीओपीसी (वरचं असंतृप्त लिपिड) १०, डीएसपीई-पेग-२००० (पेग-लिपिड) ५. वजनात: ७.९ मिग्रॅ, २.७१ मिग्रॅ, १.५७ मिग्रॅ, २.८१ मिग्रॅ. वर्टेपॉर्फिन ०.१ मायक्रोमोल म्हणजे ०.०७२ मिग्रॅ; एवढं वजन करता येत नाही, स्टॉकमधूनच घ्यायचं.

पेग-लिपिडची बाटली फ्रीजरमधून काढून लगेच उघडली, ही पहिली चूक. पावसाळी हवेत थंड भुकटीवर दव धरतं, भुकटी चिकट होते आणि वजन खोटं येतं. बाटली बंद ठेवून तासभर बाहेर, मग उघडायची. क्लोरोफॉर्ममधले लिपिड काचेच्या सिरिंजनेच मोजायचे. साध्या पिपेटच्या टोकातून क्लोरोफॉर्म ठिबकतो, शिवाय प्लास्टिकमधलं काहीबाही विरघळवून आणतो. पॅराफिल्मही नको, टेफ्लॉन अस्तराचं झाकण हवं.

७ जून

पहिली फिल्म (द्रावक उडवल्यावर फ्लास्कमध्ये उरणारा लिपिडचा थर) वाया गेली. वर्टेपॉर्फिनचा स्टॉक डीएमएसओत केला होता. रोटाव्हॅपवर (द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) क्लोरोफॉर्म उडाला, डीएमएसओ तसाच राहिला (उत्कलनबिंदू १८९ अंश), आणि फ्लास्कच्या तळाशी हिरवट तेलकट डाग राहिला. रात्रभर व्हॅक्यूमवर ठेवूनही सुटला नाही. नवा स्टॉक थेट क्लोरोफॉर्ममध्ये, ०.५ मिग्रॅ प्रति मिली. बॅचला १४४ मायक्रोलिटर. आता फिल्म पातळ, एकसारखी, फिकट हिरवी आली. नंतर व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये किमान चार तास, फ्लास्क फॉइलमध्ये गुंडाळून.

एका बॅचच्या लिपिडचा खर्च आमच्या खरेदीच्या भावाने साधारण दोन हजार रुपये. स्टॉक कशात करायचा हे आधी तपासायला दहा मिनिटं लागली असती.

११ जून

कॅल्सीन ६० मिलिमोलर, १० मिलीला ३७४ मिग्रॅ. पाण्यात टाकलं तर नुसती केशरी माती होते. सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालत पीएच ७.४ ला आणला की गडद, काळपट लाल द्रव मिळतो. एवढ्या दाट अवस्थेत कॅल्सीन स्वतःचीच चमक दाबतं, बाहेर सांडून विरळ झालं की झळकतं. सगळं मोजमाप यावर उभं आहे.

बाहेर राहिलेलं कॅल्सीन वेगळं करायला गाळणीचा स्तंभ: सेफाडेक्स जी-५०, १ × २० सेंमी. लायपोसोम साधारण ५ मिलीनंतर बाहेर येतात, मोकळं कॅल्सीन बरंच मागून. पहिल्या खेपेला स्तंभ नुसत्या १० मिलिमोलर हेपेस बफरवर चालवला आणि अर्धं कॅल्सीन स्तंभातच गळलं. आत मिठासकट दाट द्रव, बाहेर जवळजवळ पाणी: लायपोसोम फुगून फुटतात. बफरमध्ये सोडियम क्लोराइड घालून बाहेरची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) आतल्याइतकी केली (ऑस्मोमीटरवर मोजून, अंदाजाने नको), ०.१ मिलिमोलर ईडीटीए घातलं. गळती थांबली. ईडीटीए यासाठी की धातूचे आयन कॅल्सीनची चमक बदलतात, आणि ते हे आयन धरून ठेवतं.

१४ जून

एक्स्ट्रूजन, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून दाबून लायपोसोम एका आकाराचे करणं. डीएसपीसीचं वितळण-तापमान ५५ अंश, म्हणून ब्लॉक ६५ वर. थर्मामीटर ब्लॉकच्या भोकात होता, सिरिंजच्या धातूत नव्हता. सिरिंज प्रत्यक्षात ४८ वर होती. चौथ्या फेरीला दट्ट्या अडला, जोर लावल्यावर पॉलिकार्बोनेट पडदा फाटला आणि फाटल्यानंतर सगळं अगदी सहज जाऊ लागलं. अचानक सोपं झालं की थांबावं. पडदा गेलेला असतो. डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार मोजणं) ४०० नॅनोमीटरच्या आसपास आणि पीडीआय (आकारांतली विषमता) ०.३५.

सुधारलेली रीत: फिल्मवर ६५ अंशाचं कॅल्सीन घालून अर्धा तास फिरवणं, द्रव नायट्रोजन आणि ६५ अंशाचं पाणी यांत पाच वेळा गोठवणं-वितळवणं, एक्स्ट्रूडर भरून ब्लॉकमध्ये १५ मिनिटं मुरू देणं, मग २०० नॅनोमीटरच्या पडद्यातून ५ फेऱ्या आणि १०० च्या पडद्यातून ११. फेऱ्या विषमच, म्हणजे माल शेवटी दुसऱ्या सिरिंजमध्ये येतो आणि न गाळलेला थेंब त्यात मिसळत नाही. १७ तारखेच्या बॅचला ११४ नॅनोमीटर, पीडीआय ०.०७.

१८ जून

प्रकाश दिला, काहीच झालं नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं, चाळीस. तीन दिवस लिपिडवर संशय घेण्यात गेले. शेवटी दिवाच स्पेक्ट्रोमीटरसमोर धरला. पाकिटावर ६९० लिहिलेले एलईडी प्रत्यक्षात ६६० ला चमकत होते. रोपं वाढवायच्या दिव्यांत असतात तेच. त्या जागी वर्टेपॉर्फिनचं शोषण अगदी थोडं. डोळ्याला दोन्ही सारखेच लाल, किंबहुना ६९० जास्त मंद दिसतो. वीस नग एका डब्यात बाजूला ठेवले, नवे मागवले, आठवडा गेला. दिवा आला की पहिलं काम त्याचा वर्णपट काढणं, हे आता यादीत सगळ्यात वर आहे.

२६ जून

नव्या दिव्याची बांधणी: ३ वॅटचे नऊ एलईडी, ३ × ३, अ‍ॅल्युमिनियमच्या हीट सिंकवर, मागे संगणकाचा पंखा, स्थिर विद्युतधारेचा ड्रायव्हर. साधा व्होल्टेज-पुरवठा वापरू नये. एलईडी तापला की धारा वाढते आणि मात्रा हलत राहते.

तीव्रता मोजताना आणखी एक खोट सापडली. मीटरचा फोटोडायोड ६३३ नॅनोमीटरवर लावलेला होता. सिलिकॉन ६९० ला जास्त प्रतिसाद देतो, त्यामुळे आकडा सुमारे १५ टक्के फुगून येत होता. तरंगलांबी बदलून, सेन्सर बरोबर प्लेटच्या उंचीवर ठेवून, समोर ठरावीक छिद्राची पत्री लावून मोजलं: ५० मिलिवॉट प्रति चौ. सेंमी. चौ. सेंमीला ३० ज्यूलसाठी १० मिनिटं (पुढे नुसतं ज्यूल). नऊ ठिकाणी मोजलं, कडेला ३० टक्के कमी. म्हणून प्लेटमधले फक्त मधले सोळा वेल (खळगे) वापरायचे.

उष्णता: दहा मिनिटांत वेलमधला द्रव ३७ वरून ४२.५ वर गेला. मोजताना थर्मोकपल स्वतःच प्रकाश शोषून तापतो, म्हणून दिवा बंद करून लगेच मोजायचं. अंतर वाढवून आणि प्लेटखालून हवा खेळवून ३८.५ पर्यंत आणलं. तरीही इथून पुढे प्रत्येक प्रयोगात एक नमुना अंधारात ४३ अंशावर दहा मिनिटं ठेवतो. हा कंट्रोल नसेल तर उघडलं ते प्रकाशाने की गरमीने, हे सांगताच येत नाही.

२ जुलै

मोकळं झालेल्या कॅल्सीनचं प्रमाण १३४ टक्के आलं.

सूत्र साधं आहे: (आताची चमक वजा सुरुवातीची) भागिले (पूर्ण फोडल्यावरची वजा सुरुवातीची). पूर्ण फोडायला ०.१ टक्का ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखं द्रव्य) घालत होतो, खोलीच्या तापमानाला. डीएसपीसी आणि कोलेस्टेरॉलचं पटल त्याला दाद देत नाही, अर्धवटच फुटतं. त्यामुळे छेद लहान, उत्तर मोठं. आता ०.५ टक्का ट्रायटन, ६० अंशावर १० मिनिटं, मग थंड करून वाचन. ६५ अंशाच्या वर नेऊ नये, ट्रायटन स्वतःच गढूळ होतो. खात्रीसाठी त्याच वेलमध्ये आणखी ट्रायटन घालून बघावं. आकडा हलला नाही तर सगळं फुटलेलं आहे.

जूनपासूनचे सगळे आकडे रद्द केले. ते दुरुस्त करता येत नाहीत, कारण अर्धवट फुटण्याचं प्रमाण दर बॅचला वेगळं.

५ जुलै

अंधारातल्या नमुन्यातही १२ टक्के गळती. फ्रीज, प्लेट, बफर सगळं तपासलं. कारण छतावरची ट्यूबलाइट. वर्टेपॉर्फिन निळ्या-जांभळ्या प्रकाशातही भरपूर शोषतं, आणि स्तंभावरचं काम अर्धा तास उघड्यावर चालायचं. आता खोलीत मंद हिरवा दिवा, काचसामान फॉइलमध्ये, स्तंभाला काळ्या कागदाची नळी. गळती २ टक्क्यांवर. अंधारातली प्लेटही रीडरमध्ये (चमक मोजणाऱ्या यंत्रात) उजेडातल्या प्लेटइतक्याच वेळा वाचायची, नाहीतर तुलना बरोबरीची राहत नाही.

१२ जुलै

पहिले विश्वासार्ह आकडे. मोकळं झालेलं कॅल्सीन, बफरमध्ये, ३० ज्यूल, तीन स्वतंत्र बॅचची सरासरी:

डीओपीसी नाही: ९ टक्के. डीओपीसी १० टक्के: ४७. डीओपीसी २० टक्के: ७१. ४३ अंशावर अंधारात: कुठेही ३ च्या वर नाही. वर्टेपॉर्फिन न घातलेले, प्रकाशात: २. दहा मिलिमोलर सोडियम अझाइड (सिंगलेट ऑक्सिजन टिपून घेणारं) घालून, १० टक्के डीओपीसीवर: १३, म्हणजे काम सिंगलेट ऑक्सिजनचंच. (अझाइड विषारी आहे. आम्लात मिसळू नये, बेसिनमध्ये ओतू नये. वेगळी बाटली ठेवावी.)

पण २० टक्केवाले ३७ अंशावर १० टक्के सीरममध्ये (रक्तातला पेशीविरहित द्रव) २४ तासांत अंधारातच २३ टक्के गळले. १० टक्केवाले ८. उघडणं सोपं करत नेलं की बंद राहणं हातचं जातं. पुढे १० टक्केच घ्यायचं ठरवलं.

२२ ते २९ जुलै

हा आठवडा सगळ्यात महत्त्वाचा. सीरममध्ये प्रकाश दिला तर ४७ चे १६ झाले. आधी वाटलं सीरममधली प्रथिनं सिंगलेट ऑक्सिजन गिळत असतील. ते काही अंशी खरंही असेल, पण मुख्य कारण दुसरं निघालं.

लायपोसोम ५० टक्के सीरममध्ये ३७ अंशावर तासभर ठेवले, मग सेफारोज सीएल-४बी स्तंभावर सोडले. लायपोसोम आधी येतात, प्रथिनं मागून. प्रत्येक नळीतला थोडा भाग मिथेनॉलमध्ये विरघळवून वर्टेपॉर्फिनची चमक मोजली (उत्तेजन ४२०, वाचन ६९०). जवळजवळ दोन तृतीयांश वर्टेपॉर्फिन प्रथिनांच्या नळ्यांत. कॅल्सीन मात्र लायपोसोममध्येच. म्हणजे औषध जागेवर आणि चावी गेली.

खरं तर हे आधीच लक्षात यायला हवं होतं. डोळ्याच्या उपचारात वर्टेपॉर्फिन लायपोसोममधूनच देतात, आणि रक्तात ते चटकन लिपोप्रोटीनवर (चरबी वाहून नेणाऱ्या प्रथिनांवर) जातं हे माहीत असलेलं आहे. तिथे ते चालतं, कारण तिथे वर्टेपॉर्फिन हेच औषध आहे. इथे ते कुलूप उघडणारं आहे. त्याने कुलुपापाशीच थांबायला हवं. पटलात नुसतं मिसळलेलं प्रकाशशोषक द्रव्य बफरमध्ये देखणे आकडे देतं. असे लायपोसोम करणाऱ्यांनी सीरमचा हा प्रयोग पहिल्याच आठवड्यात करावा, सातव्या आठवड्यात नाही.

उपाय एकच: द्रव्य लिपिडलाच रासायनिक बंधाने जोडायचं. टोरांटोत गँग झेंग यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये पायरोफिओफॉरबाइड (प्रकाशशोषक द्रव्य) लायसोलिपिडला (एकच साखळी असलेल्या लिपिडला) जोडून पॉर्फिसोम, म्हणजे अशाच लिपिडचे लायपोसोमसारखे गोळे, केले. पुढे बफेलोत जोनाथन लव्हेल यांच्या गटाने असं लिपिड थोड्या प्रमाणात मिसळून प्रकाशाने उघडणारे लायपोसोम २०१४ मध्ये दाखवले आणि त्यानंतर थोड्या डीओपीसीने उघडणं वेगवान होतं हेही दाखवलं. त्या वाटेने जायचं ठरलं.

६ ऑगस्ट

जोडणी. १६:० लायसोपीसी २५ मिग्रॅ (५० मायक्रोमोल), पायरोफिओफॉरबाइड-ए (पुढे नुसतं पायरो) २७ मिग्रॅ (५०), जोडणी घडवायला ईडीसी हायड्रोक्लोराइड १९.२ मिग्रॅ (१००) आणि डीएमएपी १२.२ मिग्रॅ (१००), क्लोरोफॉर्म ५ मिली. अंधारात, नायट्रोजनखाली, २४ तास ढवळणं.

टीएलसीवर (पातळ थरावर पदार्थ वेगळे करणारी चाचणी) पायरो संपलेलं दिसलं आणि बरं वाटलं. पण नवा हिरवा ठिपका अगदी वर, द्रावकाच्या रेषेजवळ. फॉस्फोलिपिड इतकं वर जाऊच शकत नाही. मास स्पेक्ट्रममध्ये ५६३.३; हवं होतं १०१२.६. ५६३.३ म्हणजे पायरोचं इथिल एस्टर. क्लोरोफॉर्ममध्ये टिकाऊपणासाठी इथेनॉल घातलेलं असतं. ०.६ टक्का धरलं तरी ५ मिलीत ३० मायक्रोलिटर, म्हणजे पाचशेहून जास्त मायक्रोमोल, लायसोलिपिडच्या दहापट. शिवाय इथेनॉलची ओएच (जिथे पायरो जोडलं जातं ती जागा) मोकळी, लायसोलिपिडची अडचणीतली. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलं होतं. सबंध २७ मिग्रॅ पायरो गेलं. हे या कामातलं सगळ्यात महागडं नुकसान.

२० ऑगस्ट

तीच मापं, कोरड्या डायक्लोरोमिथेनमध्ये, लायसोलिपिड आधी रात्रभर व्हॅक्यूमवर सुकवून. ४८ तास. ठिपका या वेळी खाली. क्लोरोफॉर्म, मिथेनॉल आणि पाणी ६५:२५:४ मध्ये चालवल्यावर मधोमध. साध्या सिलिकावर उत्पादन चिकटून बसतं, डायोल-सिलिकावर सुटतं. आधी नुसतं डायक्लोरोमिथेन, मग मिथेनॉल २ टक्क्यांनी वाढवत. वस्तुमान १०१२.६, बरोबर. हाती १९ मिग्रॅ, म्हणजे ३७ टक्के. फार नाही, पण एका बॅचला ०.४ मिग्रॅच लागतं, वर्षभर पुरेल. ०.४ मिग्रॅचे भाग करून, नायट्रोजन भरून, उणे २० वर.

२ सप्टेंबर

नवं प्रमाण: डीएसपीसी ५३, कोलेस्टेरॉल ३५, डीओपीसी ५, पेग-लिपिड ५, पायरो-लिपिड २. पायरो-लिपिड याहून फार वाढवू नये. दाटी झाली की रेणू एकमेकांना दाबतात, सिंगलेट ऑक्सिजनऐवजी उष्णता निघते. पूर्ण पॉर्फिसोम तापतात ते त्यामुळेच.

पायरो-लिपिडचं शोषण ६७० च्या जवळ. म्हणजे जूनमध्ये बाजूला ठेवलेले ६६० चे वीस एलईडी इथे चालतात. नऊ नग त्याच हीट सिंकवर बसवले, मीटर ६६० वर लावून पुन्हा ५० मिलिवॉट.

सीरमचा प्रयोग सगळ्यात आधी: ५० टक्के सीरम, ३७ अंश, एक तास, सेफारोज स्तंभ. ९४ टक्के पायरो-लिपिड लायपोसोमच्या नळ्यांत. कॅल्सीन भरून ३० ज्यूल: बफरमध्ये ८२ टक्के, सीरममध्ये ७४. अंधारात २४ तासांची गळती ६. डीओपीसी अर्ध्यावर आणूनही उघडणं वाढलं, याचं कारण द्रव्य आता साखळ्यांना सतत लागून आहे.

१६ सप्टेंबर

डॉक्सोरुबिसिन. फिल्म २५० मिलिमोलर अमोनियम सल्फेटमध्ये भिजवून एक्स्ट्रूड, मग बाहेरचं सल्फेट काढून औषध घालायचं. ते आत शिरून सल्फेटबरोबर साका धरतं. १९९५ पासून अमेरिकेत वापरात असलेलं डॉक्सिल याच तत्त्वावर भरतात. २० मायक्रोमोल लिपिडला २.५ मायक्रोमोल औषध, १.४५ मिग्रॅ, ६० अंशावर एक तास, फॉइलमध्ये.

पहिल्यांदा भरणी ६१ टक्केच. रात्रभराच्या एकाच डायलिसिसने बाहेरचं सल्फेट पुरेसं गेलं नव्हतं. वाहकता मोजल्यावर कळलं. जी-५० स्तंभ, १० टक्के सुक्रोज आणि १० मिलिमोलर हिस्टिडीन, पीएच ६.५: भरणी ९६. औषधाचा स्टॉक शुद्ध पाण्यात करावा. पीबीएसमध्ये (क्षारयुक्त बफरमध्ये) ठेवला तर लाल जेलीसारखे गोळे धरतात.

सीरममध्ये ३७ अंशावर: अंधारात तासाला ३ टक्के, ३० ज्यूलनंतर ७६. डीओपीसीशिवाय फक्त २२.

३ ऑक्टोबर

हीला पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या कर्करोगाच्या पेशी), पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या भांडारातल्या. वेलला ५,०००, दुसऱ्या दिवशी ५ मायक्रोमोलर औषधाइतके लायपोसोम, १५ ज्यूल प्रकाश, दोन तासांनी धुऊन ४८ तास, मग एमटीटी (जिवंत पेशींचं प्रमाण दाखवणारी रंगचाचणी). आमच्या रीडरमध्ये संदर्भ तरंगलांबी ६६० ला ठरलेली होती, बरोबर पायरोच्या शोषणावर. ती ७५० केली, नाहीतर वाचन खोटं येतं.

जिवंत पेशी: फक्त प्रकाश ९८ टक्के. औषधी लायपोसोम अंधारात ९१. औषधी लायपोसोम आणि प्रकाश ३७. इथे थांबलो असतो तर चित्र सुरेख होतं. पण रिकामे पायरो-लायपोसोम आणि प्रकाश: ५८. औषधाचा थेंबही नसताना चाळीस टक्के पेशी मेल्या, कारण सिंगलेट ऑक्सिजन लिपिड आणि पेशी यांत भेद करत नाही. मग ३७ मधला औषधाचा वाटा किती?

११ ऑक्टोबर

वाटा वेगळा करायला प्रकाश पेशींवर न देता नळीतच दिला: लायपोसोम सीरममध्ये, ३० ज्यूल, मग पाच मिनिटं अंधारात, मग पेशींवर, आणि तिथून पुढे पूर्ण अंधार. सिंगलेट ऑक्सिजन मायक्रोसेकंदांत संपतो. पेशींपर्यंत पोचतं ते फक्त मोकळं औषध आणि तुटलेलं लिपिड.

रिकामे, आधी उजळलेले: ९३. औषधी, आधी उजळलेले: ५५. औषधी, न उजळलेले: ९०. तेवढ्याच मात्रेचं मोकळं डॉक्सोरुबिसिन: ४६. तुटलेल्या लिपिडचा त्रास थोडा, औषधाचा परिणाम खरा, आणि तो मोकळ्या औषधाच्या जवळ जाणारा. पेशींवर थेट प्रकाश देण्याच्या पुढच्या फेरीत मात्रा ५, १० आणि १५ ज्यूल, आणि रिकाम्या लायपोसोमची ओळ प्रत्येक प्लेटवर.